खिळ्यावरची किल्ली आणि बँकेचा हप्ता
(कौटुंबिक अर्थनियोजन या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



ठाणे, डोंबिवली, पुणे, नाशिक यांपैकी कोणत्याही शहरातील मध्यमवर्गीय वस्तीत दिवेलागणीच्या वेळी फेरी मारली, तर प्रत्येक इमारतीत दोन-चार खिडक्या कायम अंधारलेल्या दिसतात. चौकशी केली की कळते, घराचे मालक याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. मुलासाठी म्हणून घर घेतले होते, मुलगा परदेशी गेला, घर तसेच राहिले. मग भाड्याने का देत नाही? उत्तर ठरलेले असते : "नको रे बाबा! एकदा माणूस आत शिरला की तो निघत नाही." त्या घराची किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवलेली असते. महिन्यातून एकदा कोणीतरी जाऊन खिडक्या उघडतो, नळ सोडून पाहतो, झुरळे मारतो आणि पुन्हा कुलूप लावतो.

त्याच जिन्यावर, एखादा मजला खाली, दुसरे एक कुटुंब राहते. गृहस्थ पन्नाशीचे, नोकरी चांगली, राहते घर कर्जमुक्त झालेले. बँकेचा माणूस दारी येऊन सांगतो की आपली पत उत्तम आहे, दुसरे घर घ्या. घरात चर्चा होते आणि एक वाक्य निर्णायक ठरते : "हप्ता भाड्यातून सुटेल." आठवड्याभरात सह्या होतात.

आजच्या विवेचनाचा विषय ही दोन घरे आहेत. पहिल्या कुटुंबाला ज्या गोष्टीचे भय वाटते, त्या भयाचे कारण बव्हंशी नाहीसे झालेले आहे. दुसऱ्या कुटुंबाला ज्या गोष्टीचे भय वाटायला हवे, ती गोष्ट पाटीवर मांडता येईल इतकी सोपी आहे, पण कोणी पाटी हातात घेत नाही.

पहिल्या घराकडे आधी वळू. हा प्रश्न एखाद-दुसऱ्या कुटुंबाचा नाही. २०११च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. केंद्र सरकारच्या २०१७-१८च्या आर्थिक पाहणी अहवालाने त्याची कारणे शोधली, तेव्हा राज्यांमध्ये महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता : सुमारे २० लाख रिकामी घरे. ज्या राज्यात गडचिरोलीचा, नांदेडचा, सिंधुदुर्गाचा मुलगा शिक्षणासाठी पुण्यात येऊन एका खोलीत चौथा म्हणून गादी टाकतो, त्याच राज्यात ही घरे कुलूपबंद आहेत. त्या अहवालाने जी कारणे दिली, त्यांत करारांची अंमलबजावणी होईल की नाही याची अनिश्चितता आणि भाड्याचे अल्प उत्पन्न ही दोन प्रमुख होती. गंमत अशी की पहिले कुटुंब यांतील पहिल्या कारणाला भिते आणि दुसरे कुटुंब दुसऱ्या कारणाकडे पाहातच नाही.

पहिले भय आले कुठून? ते काल्पनिक नव्हते, हे आधी मान्य केले पाहिजे. मुंबई इलाख्यात १९४७ साली भाडे नियंत्रणाचा कायदा झाला. महायुद्धाने बांधकाम ठप्प झालेले, शहरात माणसांची रीघ लागलेली, फाळणीने निर्वासित झालेली कुटुंबे आसरा शोधत असलेली. अशा वेळी घरमालकांनी मनमानी करू नये, यासाठी तो कायदा आवश्यकच होता. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, तेच प्रमाणभूत भाडे ठरले. तात्पुरत्या काळासाठी केलेला हा कायदा मुदतीमागून मुदत वाढवत अर्धशतक चालला. साखरेचा भाव बदलला, गवंड्याची मजुरी बदलली, महापालिकेची घरपट्टी बदलली. भाडे तेवढे १९४०च्या खुंटीला बांधलेले राहिले.

त्याचे परिणाम गिरगावात, दादरला आणि पुण्याच्या पेठांत अजूनही डोळ्यांनी पाहता येतात. ज्या वाड्यात मालक आणि भाडेकरू एकाच चौकाभोवती राहत, एकमेकांच्या लग्नकार्यात पंक्ती वाढत, तिथे पुढच्या पिढीत कोर्टकज्जे सुरू झाले. महिन्याला वीस-पंचवीस रुपये भाडे घेणारा मालक छप्पर शाकारेना आणि तेवढेच भाडे देणारा भाडेकरू जागा सोडेना. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, आणि वाडा पावसात भिजत होता. मुंबईतील जुन्या इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ साली उपकर गोळा करून दुरुस्ती करण्यासाठी सरकारला स्वतंत्र मंडळच स्थापन करावे लागले. कायद्याने भाडे गोठवले, तेव्हा व्यवहार कायद्याबाहेर गेला आणि 'पागडी' नावाची समांतर व्यवस्था उभी राहिली.

या भाडेकरारातून सुटका म्हणून मालकांनी 'परवाना' ही पळवाट काढली. भाडेकरू म्हणायचे नाही, केवळ राहण्याची परवानगी दिली आहे असे म्हणायचे, म्हणजे कायदा लागू होणार नाही. परंतु १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर जागेत असलेली माणसे एका फटक्यात संरक्षित भाडेकरू बनली. अकरा महिन्यांसाठी म्हणून दिलेली खोली कायमची गेली. आज साठी-सत्तरीत असलेल्या पिढीने आपल्या वडिलांच्या, काकांच्या तोंडून या कथा ऐकल्या आहेत. खिळ्यावरची किल्ली तिथे लटकते आहे ती या आठवणीच्या आधाराने.

तथापि त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेले आहे. १९९७च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत, असा निर्वाळा दिला. पाठोपाठ महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा नवा कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून तो अमलात आला. जुन्या भाडेकरूंचे संरक्षण त्यात बरेचसे टिकले. त्यांच्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा तेवढी मिळाली. हा समतोल साधला की निर्णय टाळला, याविषयी मतभेद होऊ शकतात. जुन्या इमारतींच्या मालकांच्या पदरात फारसे काही पडले नाही, हे खरेच आहे. पण आज आपले सोसायटीतील घर नव्याने देऊ इच्छिणाऱ्या माणसाच्या दृष्टीने त्या कायद्याची दोन कलमे महत्त्वाची आहेत. ती पाठ नसली तरी चालेल, ठाऊक मात्र हवीत.

पहिले कलम २४. राहण्यासाठी परवान्यावर दिलेल्या घराची मुदत संपली की परवानाधारकाने घराचा ताबा मालकाला परत दिलाच पाहिजे, असे हे कलम सांगते. न दिल्यास मालकाने दिवाणी न्यायालयाची पायरी चढायची नाही. त्यासाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत परवानगी मागितल्याखेरीज राहणाऱ्याला प्रकरण लढवताही येत नाही. मुदत संपल्यानंतर जितके दिवस तो राहील, तितक्या दिवसांसाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई त्याच्यावर बसते. आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे, लेखी करारात जे नमूद आहे, ते त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा मानले जाते. निकाल आठवड्याभरात हातात पडतो असे कोणी समजू नये. सरकारी कचेरीचा वेग सर्वांच्या परिचयाचा आहे. पण वीस वर्षे चालणारा दावा आणि काही महिने चालणारा अर्ज, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

दुसरे कलम ५५. करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी झालीच पाहिजे. ही जबाबदारी कायद्याने राहणाऱ्यावर टाकलेली नाही, मालकावर टाकली आहे. नोंदणी केली नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. त्याहून मोठी शिक्षा वेगळीच आहे : नोंदणी नसेल आणि वाद उभा राहिला, तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणारा सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात.

इथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा समाचार घेतला पाहिजे. "अकरा महिन्यांचा करार आहे ना, मग नोंदणी कशाला? शंभराच्या मुद्रांकावर सही घेतली की झाले," असे सुशिक्षित माणसेसुद्धा सांगतात. हा समज आला १९०८च्या नोंदणी कायद्यातून. त्या कायद्याप्रमाणे वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यालाच नोंदणी सक्तीची होती. म्हणून अकराचा आकडा रूढ झाला. महाराष्ट्रात २००० सालापासून अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, नोंदणीतून सुटका नाही. खर्चाचे म्हणाल तर, पंधरा हजार महिना आणि पन्नास हजार अनामत असलेल्या अकरा महिन्यांच्या करारावर पाव टक्क्याच्या हिशेबाने मुद्रांक शुल्क पाचशे रुपयांच्या आत बसते आणि शहरात नोंदणी शुल्क १ हजार रुपये. आता ही नोंदणी संगणकावरून, घरबसल्या, अंगठ्याच्या ठशावर होते. लाखो रुपयांच्या मालमत्तेसाठी दीड हजार रुपये वाचवणारा माणूस काटकसरी नव्हे, बेफिकीर होय.

तेव्हा बंद घराचा हिशेब असा होतो. सोसायटीचा मासिक आकार अडीच हजार धरला तर वर्षाचे तीस हजार, घरपट्टी आठ हजार; म्हणजे कुलूप लावण्याचा वार्षिक खर्च अडतीस हजार रुपये. शिवाय न वापरलेले घर अधिक खराब होते. नळाचे वॉशर सुकतात, दरवाजे फुगतात, भिंतीत मुरलेली ओल कोणाच्या लक्षात येत नाही आणि खालच्या घराच्या छताला पोपडे सुटल्यावरच ती कळते. हेच घर पंधरा हजारांनी दिले, तर सर्व खर्च वजा जाता वर्षाकाठी लाखभर रुपये हातात उरतात. निवृत्तिवेतन नसलेल्या खाजगी नोकरीतील माणसाला सत्तराव्या वर्षी हे लाखभर रुपये काय असतात, ते मुलांपुढे हात पसरण्याची वेळ ज्यांच्यावर आली त्यांना विचारावे.

आता दुसरे कुटुंब. त्यांच्यासाठी एक उदाहरण पूर्ण आकड्यांनिशी मांडू. आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे आकडे त्यात भरावेत.

समजा, घराची किंमत ५० लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांहून अधिक आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्के मर्यादा आहे. म्हणजे कर्ज फार तर ४० लाख. मुद्रांक शुल्क शहराप्रमाणे सहा-सात टक्के, नोंदणी, दलाली, सोसायटीचे शुल्क, पंखे-गीझर-जाळ्या असे सारे मिळून आणखी ५ लाख. ते कर्जात धरले जात नाहीत. म्हणजे घर पडले ५५ लाखांना, त्यांत स्वतःची पुंजी १५ लाख. साडेआठ टक्के व्याजाने आणि २० वर्षांच्या मुदतीने ४० लाखांचा मासिक हप्ता येतो ३४ हजार ७१३ रुपये.

भाडे पंधरा हजार. "उरलेले वीस हजार तर आपण पगारातून घालू," असे गृहस्थ म्हणतात. पण पंधरा हजार हे भाडे आहे, उत्पन्न नव्हे. वर्षात एक महिना घर दोन भाडेकरूंच्या मधल्या काळात रिकामे राहणार, असे धरून चालावे. म्हणजे वर्षाचे १ लाख ६५ हजार. सोसायटीचा आकार ३० हजार, घरपट्टी ८ हजार, दलाली व नोंदणी ९ हजार, रंग-गळती-दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे १८ हजार. उरले १ लाख. म्हणजे महिन्याला ८ हजार ३३३. हप्ता पावणेपस्तीस हजारांच्या घरात आणि निव्वळ उत्पन्न सव्वाआठ हजार! दरमहा खिशातून जाणारे वीस हजार नव्हेत, सव्वीस हजारांहून अधिक आहेत. ५५ लाखांवर वर्षाला १ लाख म्हणजे दोन टक्केसुद्धा नव्हेत. बँकेच्या साध्या बचत खात्याशी तुलना व्हावी असा हा परतावा आहे आणि तो साडेआठ टक्क्यांच्या कर्जावर उभा आहे.

उलट बाजूने विचारू. हे भाडे स्वतःच्या बळावर किती कर्ज वाहू शकेल? सव्वाआठ हजारांच्या हप्त्यात २० वर्षांसाठी साडेनऊ लाखांचे कर्ज बसते. "हप्ता भाड्यातून सुटेल" हे वाक्य साडेनऊ लाखांपुरते खरे आहे. पुढचे साडेतीस लाख कोणाच्या जिवावर घेतले, हा प्रश्न सह्या करण्याआधी घरात सर्वांसमोर विचारला गेला पाहिजे. विशेषतः गृहिणीसमोर, कारण महिन्याचा ताळमेळ तिलाच बसवायचा असतो.

आणखी एक गोष्ट बँकेच्या माहितीपत्रकात ठळक छापलेली नसते. दहा वर्षे एकही हप्ता न चुकवता भरल्यानंतर या ४० लाखांपैकी किती शिल्लक असेल? बहुतेकांचे उत्तर येते, वीस लाख. प्रत्यक्षात २८ लाख शिल्लक असतात. अर्धी मुदत संपली, एकेचाळीस लाखांहून अधिक रक्कम भरून झाली आणि मुद्दल फिटले जेमतेम १२ लाख; कारण सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा हिस्सा व्याजातच जातो. बावन्नाव्या वर्षी घर घेतलेला माणूस बासष्टाव्या वर्षी निवृत्त होऊन या टप्प्यावर उभा असेल : पगार बंद, कर्ज २८ लाख, हप्ता तोच. आणि तोच तरी कसा? बहुतेक गृहकर्जे बदलत्या व्याजदराची असतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला, तेव्हा अनेकांच्या कर्जाची मुदत त्यांना नीट न कळताच काही वर्षांनी लांबली. भाडे त्या वेगाने वाढत नसते.

यावर दोन उत्तरे नेहमी दिली जातात. एक, आयकर वाचतो. भाड्याच्या उत्पन्नातून भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते आणि कर्जाचे व्याजही वजा होते, हे खरे. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षीचे व्याज ३ लाख ३७ हजार आणि घरपट्टी व ३० टक्के वजा जाता भाडे १ लाख १० हजार. म्हणजे सव्वादोन लाखांचा तोटा. पूर्वी हा तोटा कितीही मोठा असला तरी पगाराच्या उत्पन्नातून वळता करता येई. २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून त्यावर २ लाखांची मर्यादा आली. आणि जे आता नव्या करप्रणालीत विवरणपत्र भरतात, त्यांना हा तोटा पगारातून मुळीच वजा करता येत नाही. जुन्या काळी मित्राने सांगितलेला सल्ला आजच्या घरासाठी वापरू नये, इतकेच. आणि थोडे पुढे जाऊन विचार करा : कर वाचवण्यासाठी तोटा करून घेणे, म्हणजे तीस रुपये वाचवण्यासाठी शंभर रुपये खर्च करणे होय.

दुसरे उत्तर, भाव वाढेल. वाढेलही. ज्यांनी आपल्या तरुणपणी घरे घेतली त्यांचे भाव वाढले, हा अनुभव खरा आहे. पण कित्येक शहरांत वर्षानुवर्षे भाव जागच्या जागी राहिल्याचा काळही याच पिढीने पाहिला आहे. वाढलेला भाव विकल्यावरच हातात येतो. आणि मुलांच्या शिक्षणाची किंवा घरातल्या दुखण्याची वेळ घराला गिऱ्हाईक मिळण्याची वाट पाहात थांबत नाही. मुदत ठेवीची एक पावती मोडता येते, सोन्याची एक बांगडी मोडता येते. घराची एक खोली मोडून औषध आणता येत नाही.

मग दुसरे घर घेऊच नये काय? असे सांगणे अतिरेकाचे होईल. कर्ज निवृत्तीच्या आत फिटणारे असेल, सहा महिने घर रिकामे राहिले तरी हप्ता चुकणार नाही इतकी गंगाजळी वेगळी असेल आणि राहत्या घराखेरीज सगळी पुंजी विटा-सिमेंटमध्ये अडकणार नसेल, तर दुसरे घर हा उत्तम आधार आहे. तयार घर घ्यावे हे बरे. बांधकाम चालू असलेल्या घराचे व्याज आज सुरू होते आणि भाडे ताबा मिळाल्यावर. २०१७ पासून 'महारेरा'कडे प्रकल्पाची नोंदणी व पूर्णत्वाची तारीख पाहता येते, ही सोय मोठी आहे. पण तारीख लिहिलेली असणे आणि ती पाळली जाणे, यांत अंतर असू शकते. त्याच शहरात, पायी किंवा रिक्षाने जाता येईल अशा अंतरावर घर असावे. तीनशे किलोमीटरवरचे घर स्वस्त मिळाले म्हणून घेणाऱ्याने गळक्या नळासाठी तीन वेळा प्रवास केला की स्वस्ताई संपते.

आणि घर सांभाळणे, हा तर स्वतंत्र उद्योगच आहे. सुरुवात माणूस निवडण्यापासून होते. इथे एक अप्रिय गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. पुष्कळ सोसायट्यांत अविवाहित मुलांना घर नाही, एकट्या राहणाऱ्या मुलीला नाही. आणि कित्येकदा फोनवर सर्व ठरते, आडनाव विचारले जाते, आणि संध्याकाळी "घर नुकतेच गेले" असा निरोप येतो. समरसतेच्या सभेत पुढच्या रांगेत बसणाऱ्या घरांतूनही असा निरोप जातो. भाडेकरूची पारख करायची ती त्याच्या नोकरीवरून, मागील घरमालकाच्या अनुभवावरून, बँकेच्या खातेउताऱ्यावरून. वेळेवर भाडे देणे आणि घर स्वच्छ ठेवणे हे गुण कोणत्याही आडनावाची मिरास नाहीत. मुलगा बाहेरगावचा आहे, विशीचा आहे, म्हणून तो गोंधळ घालणारच असे धरून चालणाऱ्यांचीही मुले बंगळुरूला, पुण्याला कुणाच्या तरी घरात राहतच असतात.

करारात मुदत, भाडे, वाढ, वीज-पाण्याचा खर्च कोणाचा, घर सोडण्यापूर्वी किती दिवसांची सूचना, हे स्पष्ट लिहावे. सामानाची यादी जोडावी : पंखे किती, गीझर कोणता, किल्ल्या किती. ताबा देण्याच्या दिवशी प्रत्येक भिंतीचे आणि वीजमीटरच्या आकड्याचे छायाचित्र घ्यावे. दोघांच्याही मोबाईलमध्ये ते असावे. पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती द्यावी; अनेक शहरांत पोलीस आयुक्तांच्या आदेशाने ती बंधनकारक असते. सोसायटीला लेखी कळवून कराराची प्रत द्यावी. सोसायटीला मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेता येते, पण सेवा आकाराच्या १० टक्क्यांहून अधिक नाही, असा शासनाचा आदेश २००१ सालापासून आहे. काही ठिकाणी अजूनही भाड्याच्या प्रमाणात रक्कम मागितली जाते. चिटणिसांना तो आदेश नम्रपणे दाखवावा.

भाडे बँकेतूनच घ्यावे. रोख घेण्यात कर वाचल्याचा आनंद मिळतो, परंतु वाद झाला तर आपल्याच हाती पुरावा उरत नाही. पावती मागितली तर ती देणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे, उपकार नव्हे. आणि भाडे थकले म्हणून पाणी तोडायचे, वीज काढायची, हा मार्ग कायद्याने बंद केलेला आहे. मालकाची बाजू कितीही न्याय्य असली, तरी त्या क्षणी तोच आरोपी ठरतो. दोन महिने थकले की लेखी सूचना, तिसऱ्या महिन्यात वकिलाचा सल्ला, हा क्रम पाळला की आवाज चढवावा लागत नाही.

अनामत रकमेविषयी विशेष काळजी घ्यावी, कारण मालकाची नियत तिथेच दिसते. ती रक्कम आपली नाही, ठेव आहे. बहुतांश ठिकाणी ती आल्या दिवशी खर्च होते, आणि पहिला भाडेकरू निघताना नव्याची अनामत येईपर्यंत त्याला थांबवले जाते. तो बिचारा नव्या घरासाठी अनामत कुठून आणणार? ती रक्कम वेगळ्या मुदत ठेवीत ठेवावी आणि पावतीवर पेन्सिलीने कोणत्या घराची ते लिहावे. मोठी रक्कम अनामत घेऊन भाडेच न घेण्याची जी 'हेवी डिपॉझिट'ची रीत शहरांत आहे, तीत मालकाला आपण बिनव्याजी कर्ज घेतले आहे याचा विसर पडतो आणि परतफेडीच्या दिवशी नात्यात विष कालवले जाते.

घरपट्टी, करार, सोसायटीच्या पावत्या, दुरुस्तीची बिले यांची एक फाईल असावी आणि ती कुठे आहे हे पती-पत्नी दोघांना ठाऊक असावे. भाड्याच्या घराचा सगळा व्यवहार गृहस्थांनी डोक्यात ठेवलेला असतो. ते अचानक गेले तर मुदत केव्हा संपते, अनामत किती घेतली, हेही मागे राहिलेल्या पत्नीला भाडेकरूकडूनच ऐकावे लागते. सोसायटीत नामनिर्देशन भरलेले असावे, आणि तेवढ्याने वारसाहक्क ठरत नाही म्हणून मृत्युपत्रही असावे.

आणि घर परत घेण्याचा दिवस. त्या दिवशी मालकाने वेळेवर यावे, यादी हातात घेऊन पंखे मोजावेत, मीटरचा आकडा पाहावा, वर्षभराच्या वापराने भिंतीचा रंग उतरला असेल तर तो भाडेकरूच्या माथी मारू नये, फुटलेल्या काचेचे पैसे मात्र अवश्य घ्यावेत. उरलेल्या अनामतीचा धनादेश आधीच लिहून खिशात आणलेला असावा. भाडेकरू किल्ल्या टेबलावर ठेवील, त्या मोजून घ्याव्यात, आणि त्याच क्षणी धनादेश त्याच्या हाती द्यावा. नव्या कराराची नोंदणी तोवर ठरलेली असेल, तर त्या किल्ल्यांना घरच्या खिळ्यावर एक रात्रसुद्धा राहावे लागणार नाही.